तीनशे मैल किंवा दुपारचे तीन

दिवाळी संपली, की आमच्या शाळेपुढच्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जायला लागतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, आणि त्या डोंगरावर एखादा मफलर गुंडाळलेला माणूस! मागची ट्रॉली डुलत डुलत जाते, कधी इकडे, कधी तिकडे. माझा तिसरीचा वर्ग पाढे अर्धे टाकून खिडकीशी पळतो आणि ओरडतो, "बाई, नागीण चालली!"

पूर्वी मीही हसायचे. आता त्या डुलणाऱ्या ट्रॉलीची मला भीती वाटते. का, ते सांगते. पण त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर पार अमेरिकेला यावं लागेल. तयार आहात ना?

माझी ताई अमेरिकेत कॅन्सस सिटी नावाच्या शहराजवळ राहते. २०२३ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, त्यामुळे आल्यावर चार दिवस मी दिवसा झोपायचे आणि रात्री लाडू खायचे! मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिकडे सगळ्यांना सुट्टी असते. तिला जोडून रजा काढायची आणि रॉकी पर्वत बघायला जायचं, असं ताई आणि भाऊजींनी ठरवलं. राहायचं कुठे? तर बरोबर नेलेल्या घरात!

हे घर शेजारच्या आजोबांचं. आजोबा म्हणजे अमेरिकन आजोबा, बरं का. उभा जन्म शेतीत गेलेला, आता निवृत्त. त्यांच्याकडे तेवीस फूट लांबीचा एक ट्रेलर होता. म्हणजे चाकांवरची एक पांढरी खोलीच. इंजिन नाही, स्टिअरिंग नाही. पिकअप गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरची दांडी बसवायची, कडी लावायची, साखळ्या अडकवायच्या, दिव्यांची वायर जोडायची, की निघालं घर! आत गॅसची शेगडी, फ्रीज, बेसिन, पलंग, एवढंसं न्हाणीघर. जेवायचं टेबल खाली पाडलं की त्याचाच पलंग होतो. तो माझा. माझा नऊ वर्षांचा भाचा त्या घरात शिरला आणि त्याने पहिल्या पाच मिनिटांत सगळे खण उघडून पाहिले. खोटं कशाला बोलू, मीही पाहिले.

अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वीपासून लोक असे ट्रेलर ओढत हिंडताहेत. वॉली बायम नावाच्या गृहस्थांनी १९३०च्या दशकात ॲल्युमिनियमचे, गोलसर, चांदीसारखे चकाकणारे 'एअरस्ट्रीम' ट्रेलर बनवायला सुरुवात केली. ते इतके भक्कम आणि हवाबंद बनवता यायचे, की १९६९ साली चंद्रावरून परतलेले नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स पृथ्वीवर आल्याबरोबर अशाच एका ट्रेलरमध्ये गेले! चंद्रावरून एखादा जंतू तर आला नसेल ना, ही शंका होती. म्हणून एअरस्ट्रीमपासून खास तयार केलेल्या खोलीत त्यांना बंद करून ठेवलं होतं. ती खोली आधी बोटीवर होती, मग त्यांच्यासकट विमानात चढवून ह्यूस्टनला नेली. चंद्रावर जाऊन आलेली माणसं, आणि घरी आली कशातून, तर ट्रेलरमधून!

असो. आपण आपल्या ट्रेलरकडे येऊ.

निघायच्या आदल्या दिवशी आजोबांनी आमची शाळाच घेतली. सामान त्यांनी स्वतः उभं राहून भरून घेतलं. जड ते चाकांच्या थोडं पुढे आणि खाली, हलकं ते मागे आणि वर. ट्रेलरच्या वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा गाडीच्या त्या गोळ्यावर टेकलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आमचा ट्रेलर सामानासकट साधारण २७०० किलोचा. करा बरं गणित! म्हणजे गोळ्यावर किमान २७० किलो भार हवा. त्याहून कमी पडला, म्हणजेच ओझं मागे गेलं, तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. कुत्र्याने शेपूट हलवली तर बरं वाटतं, पण इथे शेपूट कुत्र्यालाच हलवते, असं आजोबा म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले.

दुसरा नियम, गाडी चालू असताना ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही. भाच्याचा चेहरा पडला.

तिसरा नियम मला फार आवडला. तिकडचे बरेच ट्रेलरवाले तो पाळतात. दिवसाला तीनशे मैल किंवा दुपारचे तीन, यातलं जे आधी होईल तिथे मुक्काम करायचा. तीनशे मैल म्हणजे ४८० किलोमीटर. ट्रेलर ओढताना हात, डोळे आणि डोकं दुप्पट थकतात, आणि तिकडच्या सपाट मुलखात उन्हाळ्यातली वादळं दुपारनंतरच उठतात.

शेवटी आजोबांनी भाच्याच्या हातात एक छोटा रेडिओ दिला आणि त्याला गृहपाठ दिला. रस्त्यात लागणाऱ्या सगळ्या काउंट्यांची नावं ओळीने कागदावर लिहायची! काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखाच भाग, पण लहान. बघा, आपला महाराष्ट्र कॅन्ससपेक्षा कितीतरी मोठा, तरी जिल्हे ३६. कॅन्ससमध्ये काउंट्या १०५! त्या रेडिओवर दिवसरात्र फक्त हवामान सांगतात, आणि वादळाचा इशारा गावाच्या नावाने नाही, तर काउंटीच्या नावाने देतात. तिथल्या माणसाला आपली काउंटी पाठ असते. पण वाटसरूला? शंभराच्या वेगाने जाताना आपण कुठल्या काउंटीत आहोत, हे त्याला कुठून कळणार? भाच्याने कुरकुरत नावं लिहिली. "मावशी, सुट्टीतसुद्धा गृहपाठ!" असं मला ऐकवूनही झालं. जणू काही मीच आजोबांना शिकवून ठेवलं होतं!

जाताना सगळं आजोबांच्या नियमांनी झालं. दोन मुक्काम केले. पर्वत पाहिले, बर्फ पाहिला, एल्क नावाची सांबरासारखी मोठाली हरणं अगदी रस्त्यावर पाहिली. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. आज मला परतीची वाट सांगायची आहे.

परतीच्या दिवशी पहाटे पाऊस झाला. तंबूखुर्च्या चिंब भिजल्या. येताना चारही सायकली पुढे पिकअपमध्ये होत्या. आता तिथे ओल्या खुर्च्या आणि ताडपत्र्या टाकल्या, आणि सायकली ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला, आत, आडव्या रचल्या. शेजारी पाण्याचे दोन भरलेले कॅन. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे," भाऊजी म्हणाले. मंगळवारी त्यांना सकाळी ऑफिसात हजर राहायचं होतं. सोमवारी रात्रीपर्यंत काहीही करून घरी पोचायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. हजाराहून जास्त किलोमीटर, एका दिवसात, ट्रेलरसकट. ताईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पण बोलली काहीच नाही. मीही गप्प बसले. पाहुणीने काय बोलायचं?

डेन्व्हर शहर मागे पडलं, की रस्ता सपाट होतो. सपाट म्हणजे किती सपाट, तर आपल्या डोळ्यांना ते खरंच वाटत नाही. डोंगर नाही, टेकडी नाही, नुसता गहू आणि त्यावर उपडी टाकलेल्या परातीसारखं आभाळ. पाच-सात किलोमीटरवरून गावाची खूण दिसते, ती म्हणजे धान्याची उंच पांढरी कोठारं. गुडलंड गावात एका भल्यामोठ्या तिकाटण्यावर व्हॅन गॉगचं सूर्यफुलांचं चित्र उभं केलंय. सगळं मिळून ऐंशी फूट उंच! त्याच्या सावलीत बसून आम्ही पराठे खाल्ले.

आणि मग एक गंमत झाली. गुडलंडच्या पुढे काउंटी बदलली आणि भाऊजींच्या गाडीतलं घड्याळ एकदम एक तास पुढे गेलं! अमेरिका रुंदीने एवढी मोठी आहे, की एका घड्याळात तिचं भागत नाही. पूर्वेकडे जाताना ठरावीक रेषा ओलांडली, की तास पुढे सरकतो. कॅन्ससच्या पश्चिमेकडच्या चार काउंट्या एका वेळेवर चालतात आणि बाकीचं राज्य दुसऱ्या वेळेवर. आम्ही पेट्रोल भरायला कोल्बी गावी थांबलो, तेव्हा गाडीच्या काट्यावर बरोबर २९८ मैल झाले होते, आणि घड्याळात सव्वातीन.

"तीनशे मैलही झाले आणि तीनही वाजले," ताई म्हणाली. "इथंच थांबू या."

"अगं, घड्याळ उगीच पुढे गेलंय! खरे सव्वादोनच वाजलेत," भाऊजी म्हणाले. "आणि बघ, कसं लख्ख ऊन आहे."

ऊन खरंच लख्ख होतं. फक्त नैऋत्येला क्षितिजावर एक ढग उभा होता. फुलकोबीच्या गड्ड्यासारखा पांढराशुभ्र, आणि माथा मात्र लोहाराच्या ऐरणीसारखा चपटा पसरलेला. माझ्या हातातला रेडिओ एकसुरी आवाजात सांगत होता, संध्याकाळपर्यंत इतक्या इतक्या काउंट्यांसाठी 'वॉच'.

तिकडे दोन शब्द वापरतात, 'वॉच' आणि 'वॉर्निंग'. आपल्या भाषेत सांगायचं, तर वॉच म्हणजे गॅसवर दूध ठेवलंय, लक्ष असू द्या. वॉर्निंग म्हणजे दूध उतू चाललंय, पळा! (आपल्याकडेही हवामान खातं पिवळा, नारिंगी, लाल असे रंगांचे इशारे देतं. टीव्हीवर नुसते रंग बघून सोडून देऊ नका.) भाऊजींनी तेव्हा वॉच ऐकलं आणि सोडून दिलं. आम्ही निघालो.

पुढचा पाऊण तास काहीच घडलं नाही. फक्त अठरा चाकांचे मोठाले ट्रक बाजूने पुढे जायचे, तेव्हा आमचं घर आधी बाहेर ढकललं जायचं आणि मग आत ओढलं जायचं. जाताना हे फारसं जाणवलं नव्हतं. आता प्रत्येक ट्रकनंतर ट्रेलर दोन-तीनदा डुलायचा. भाऊजींनी हात घट्ट धरले होते. गाणी बंद झाली होती. उजवीकडचा तो पांढरा ढग आता गडद निळा झाला होता, आणि खालच्या अंगाला हिरवट.

तुम्ही एप्रिल-मेमधला वळीव पाहिलाय ना? पाऊस यायच्या आधी काय येतं? धूळ! उंच ढगातून थंड, जड हवा धाडकन खाली येते. बादली फरशीवर उपडी केली, की पाणी कसं चहूकडे पसरतं, तशी ती हवा जमिनीवर आपटून सगळीकडे पसरते, आणि पावसाच्या पुढे धावते. इथे तर तिला अडवायला मैलोन् मैल एक झाड नव्हतं. आम्हाला ती लांबून दिसली. शेतांवरून तपकिरी भिंत चालत येत होती.

"वेग कमी करा," ताई म्हणाली, आणि ती भिंत उजवीकडून आमच्यावर आदळली.

पिकअप हलली. पण पिकअपचं काही नाही हो, मागे जे घर होतं, त्याची तेवीस फुटांची भिंत म्हणजे जहाजाचं शीडच! वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा धक्का चौपट होतो. ट्रेलर डावीकडे गेला. परत आला, तो जास्तच उजवीकडे. मग आणखी जास्त डावीकडे. मी आरशात पाहिलं, तर आमच्याच घराचा कोपरा मला गाडीच्या बाजूने डोकावताना दिसला. मागच्या टोकाला रचलेल्या सायकली आणि पाण्याचे कॅन प्रत्येक झोक्याला त्याला जोर देत होते. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला मागून कुणी ढकलावं, तसे. आत काहीतरी खळकन फुटलं. भाचा माझा हात धरून होता, आणि खरं सांगते, मी त्याचा हात धरून होते.

अशा वेळी कुणालाही काय करावंसं वाटेल? करकचून ब्रेक दाबावा! आणि तेच करायचं नसतं. पुढची गाडी थांबते, मागचं अडीच टनाचं ओझं थांबत नाही, ते पुढच्या गाडीला चाकूसारखं दुमडून टाकतं. स्टिअरिंग उलटसुलट फिरवलं, तर झोका वाढतो. वेग वाढवला, तर तो आणखी वाढतो. आजोबांनी भाऊजींकडून हे तीन वेळा पाठ म्हणून घेतलं होतं. भाऊजींनी स्टिअरिंग सरळ धरलं, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला, आणि डॅशबोर्डखालची एक छोटी कळ हळूहळू दाबली. त्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागचं घर मागे ओढलं गेलं, ताणलेल्या दोरीसारखं सरळ झालं. एक झोका, दुसरा लहान झोका, आणि थांबलं. सगळं मिळून दहा-बारा सेकंद झाली असतील.

कुणी काही बोललं नाही. भाऊजींचा शर्ट पाठीला चिकटला होता.

तेवढ्यात रेडिओ किंचाळला. तो खरंच किंचाळतो! आणि मग एकसुरी आवाजात 'वॉर्निंग'. गारा, सोसाट्याचा वारा, गोव्ह काउंटी. तिकडे ताशी ९३ किलोमीटरच्या वर वारा किंवा अडीच सेंटिमीटरची गार असली, की ते वादळ 'तीव्र' समजतात. आमचे फोन गप्पच होते. ते आपोआप वाजतात, पण चक्रीवादळ किंवा फारच विध्वंसक वादळ असेल तरच.

"गोव्ह कुठे आहे?" ताई ओरडली.

भाच्याने चुरगळलेला कागद उलगडला. शर्मन, थॉमस, लोगन, गोव्ह, ट्रेगो... "लोगनची पाटी मघाशीच गेली," तो म्हणाला. "मावशी, आपण गोव्हमध्येच आहोत!"

समोर रस्त्यावरून जाणारा एक पूल दिसला. त्याच्या खाली चार-पाच गाड्या आधीच दाटीवाटीने थांबल्या होत्या. भाऊजींचा पाय ब्रेककडे गेला. "नको, नको!" ताई म्हणाली. तिकडे शाळेत मुलांना हे शिकवतात, म्हणून भाच्यालाही ते माहीत होतं. १९९१ साली याच कॅन्ससमध्ये टीव्हीची काही माणसं चक्रीवादळात एका पुलाखाली लपली आणि वाचली. त्यांनी तिथे घेतलेलं चित्रण सगळ्या देशाने पाहिलं, आणि पुलाखाली जीव वाचतो, असा लोकांचा समज झाला. पुढे ३ मे १९९९ रोजी शेजारच्या ओक्लाहोमा राज्यात भयंकर चक्रीवादळ आलं, तेव्हा पुलांखाली आसरा घेतलेल्यांपैकी तिघं दगावले, कितीतरी जखमी झाले. अरुंद बोळातून वारा कसा सूं सूं करत घुसतो, तसा तो पुलाखालून अधिक जोराने जातो. शिवाय थांबलेल्या गाड्यांनी रस्ता अडतो, आणि मागून येणाऱ्या ट्रकला धुळीत काही दिसत नाही.

आम्ही ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने, दिवे लावून पुढे सरकत राहिलो. तीन मैलांवर क्विंटर गाव होतं. ते तीन मैल मला अजून आठवतात. फाट्यावरून उतरलो, तर पहिलीच इमारत पेट्रोलपंपाची. तिथल्या बाई दारात उभ्या राहून हातानेच सगळ्यांना आत बोलावत होत्या. आम्ही ट्रेलर तसाच सोडला आणि पळालो. ट्रेलर कितीही घरासारखा दिसला, तरी वादळात ते घर नव्हे. बाईंनी आम्हाला, दोन ट्रकवाल्यांना आणि एका म्हाताऱ्या जोडप्याला दुकानामागच्या थंड खोलीत नेलं. दूध आणि शीतपेयं ठेवतात ना, ती खोली. खिडकी नाही, भिंती जाड. मे महिन्यात आम्ही तिथे दुधाच्या कॅनवर बसून कुडकुडलो!

मग गारा आल्या. आधी टपटप, मग पत्र्यावर कुणी नारळ फोडावेत तसा आवाज. बोललेलं ऐकू येईना. वीस मिनिटांनी सगळं शांत झालं, तेव्हा बाहेर जमीन पांढरी झाली होती. भाच्याने लिंबाएवढी एक गार उचलून आणली. ट्रकवाल्या काकांनी ती चाकूने मधोमध कापून दाखवली. आत कांद्यासारखी वलयं! पाण्याचा थेंब ढगातल्या वाऱ्याबरोबर उंच गोठणाऱ्या हवेत जातो, त्यावर थरावर थर बसत जातात, आणि वाऱ्याला पेलेनासा झाला, की तो खाली येतो.

ट्रेलरच्या छतावरची प्लास्टिकची झडप फुटली होती. पलंग भिजला होता. एका बाजूचा पत्रा देवीच्या व्रणांसारखा खड्ड्याखड्ड्यांचा झाला होता. भाऊजी त्या पत्र्यावरून हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. दुसऱ्याची वस्तू होती ना. मग त्यांनी स्वतःच मागचं दार उघडून सायकली काढल्या, पाण्याचे कॅन ओतून टाकले आणि सायकली पुढे पिकअपमध्ये बांधल्या. "कोल्बीतच थांबायला हवं होतं," असं ते ताईला म्हणाले. मुलांनो, मोठ्या माणसाने मुलांच्या देखत असं म्हणणं सोपं नसतं.

ती रात्र आम्ही क्विंटरमध्येच काढली. सकाळी पंपाच्या बाई भेटल्या. त्यांचा गहू पंपामागेच होता. हिरवट सोनेरी, काढणीला जेमतेम तीन-चार आठवडे राहिलेला. आता तो जमिनीला चिकटला होता. बाई कॉफीचा पेला हातात धरून नुसत्या बघत होत्या. मला आपल्याकडची गारपीट आठवली. माझ्या माहेरी एका वर्षी द्राक्षाची बाग अशीच एका संध्याकाळी गेली होती, आणि माझे चुलते असेच बांधावर उभे होते. मी त्यांना ते सांगितलं. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण त्यांना ते बरोबर समजलं.

मंगळवारी दुपारी आम्ही घरी पोचलो. आजोबा अंगणातच उभे होते. भाऊजींनी काही सांगायच्या आत त्यांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली. मग विचारलं, "पोरगा गाडीतच होता ना?" हो म्हटल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आणि सायकली कुठे ठेवल्या होत्या?" सायकली तर आता पुढे होत्या! पण मागच्या भिंतीला आतून हँडलने पडलेला ओरखडा त्यांनी बरोबर पाहिला होता. भाऊजी नऊ वर्षांच्या मुलासारखे खाली मान घालून उभे राहिले. झडप आणि पत्रा त्यांनी भरून दिला. पैसे घ्यायला आजोबा आढेवेढे घेत होते, पण ताईने ऐकलं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी वर्गात हे सगळं सांगितलं. एक मुलगा म्हणाला, "बाई, आमचे पप्पा कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतात, त्यांना बोलवू?" दुसऱ्या दिवशी ते आलेच. टोपी हातात धरून माझ्या खुर्चीशेजारी उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. मी ट्रेलरच्या ब्रेकची गोष्ट सांगितली, तेव्हा म्हणाले, "बाई, आपल्या ट्रॉलीला कुठला आलाय ब्रेक? बहुतेक ट्रॉल्यांना नसतोच. उतारावर ती ट्रॅक्टरला ढकलती. म्हणून वरनंच बारका गिअर टाकून उतरायचं. डिझेल वाचवायला गिअर काढून सोडला, की संपलं." मग मुलांकडे वळून म्हणाले, "आणि पोरांनो, लोंबकळून ऊस उपसता ना मागनं? मला आरशात दिसत न्हाई तुम्ही. मागच्या ट्रॉलीचं काहीच दिसत न्हाई." वर्ग चिडीचूप! कारण उपसणारे निम्मे तिथेच बसले होते. विजा कडाडायला लागल्यावर काय करता, असं एका मुलीने विचारलं. ते म्हणाले, ट्रॅक्टरला टप नसतो, त्यामुळे उतरून जवळचं पक्कं घर गाठायचं, झाडाखाली थांबायचं नाही. आता फोनवर पुण्याच्या संस्थेने काढलेलं 'दामिनी' नावाचं ॲप आहे, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली, की ते सांगतं. तेही त्यांच्या फोनमध्ये होतं. मला ते ठाऊक नव्हतं. मी तिथेच उतरवून घेतलं.

त्यानंतर आम्ही वर्गात एक प्रयोग केला. तुम्हीही करून बघा. खेळण्यातल्या मोटारीमागे पुठ्ठ्याच्या खोक्याची ट्रॉली करायची. खोक्याच्या बरोबर मध्यावर एकच आस, दोन्ही बाजूंना बाटलीच्या बुचांची चाकं, आणि मोटारीला जोडायला तारेची सैल कडी. लांब फळी उतरती धरायची. खोक्यात दगड आधी चाकांच्या पुढे ठेवायचा आणि गाडी सोडायची. मग तोच दगड मागच्या टोकाला ठेवून सोडायची. आमची गाडी दुसऱ्या वेळी अर्ध्या फळीवरच वेडीवाकडी होऊन कोलमडली. वर्गाने ती चौदा वेळा कोलमडवली. घंटा झाली तरी कुणी उठेना.

परवा ताईचा फोन आला होता. भाचा मध्येच बोलला. आजोबांनी त्याचा तो चुरगळलेला कागद ट्रेलरच्या दाराला आतून चिकटवून टाकलाय म्हणे. आता उत्तरेला, नेब्रास्काकडे जायचं चाललंय, आणि तिकडच्या काउंट्या त्याने लिहायला घेतल्यात. "मावशी, नव्वदच्या वर आहेत," तो म्हणाला, "पण आपल्या रस्त्यात येतात तेवढ्याच लिहितोय."